गिळलेला शब्द

अकोल्याच्या आमच्या वाचनमंडळात दुपारी एकीने कादंबरी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी वाती वळत ऐकायची, असा प्रघात होता. द्वारकाताईंना मी प्रथम पाहिले ते तिथे. परतवाड्याच्या भिक्षुकाच्या घरी बालपणीच वैधव्य आलेल्या, केशवपन झालेल्या ताई लाल आलवणात भिंतीशी बसत. त्या दिवशी वाचणाऱ्या वकिलीणबाई एका ओळीत अडखळल्या आणि पुढे गेल्या.

"एक शब्द गिळला तुमी," ताई म्हणाल्या.

"जाऊ द्या हो ताई. तुमच्यासमोर कसा वाचायचा?"

"'बोडकी'च ना? रस्त्यानं मले रोज ऐकू येते. मंग पुस्तकात आला तं तुमाले काहून लाज वाटते? वाचा."

वकिलीणबाईंनी वाचला. वाती वळणारे हात थांबले.

तेव्हापासून ताईंनी तो शब्द धरला. मध्यप्रांत-वऱ्हाडातून मिळतील तेवढ्या जुन्या कादंबऱ्या मागवल्या. कोण म्हणते, कोणाला, हे पाहत गेल्या. सासू म्हणते तेव्हा तो शाप. शेजारीण म्हणते तेव्हा नुसती ओळख, जणू बाईला दुसरे नावच नाही. सुधारक लेखक लिहितो तेव्हा कीव.

"कीव सगळ्यात वाईट," ताई म्हणतात. "सासू शिव्या देते, पन जगू तं देते. हा दयाळू लेखक शेवटच्या पानावर रडत रडत तिले विहिरीत ढकलते."

हे सारे मांडणारा त्यांचा लेख, त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातून सत्कार समितीने वगळायचे ठरवले. कारण? 'मंगल प्रसंगी अमंगल शब्द नको.' गावाने जन्मभर ताईंना तो ऐकवला, तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही! कॉन्व्हेंटात शिकलेला माझा नम्रपणा तिथे संपला. मी कळवले, ताईंचा लेख नसेल तर माझाही नको.

ताई म्हणाल्या, "भांडता काहून? गिळतीन तं गिळतीन. त्यायले सवय हाय."

पण त्यांचा आवाज खाली गेला होता. नजर अधू झाली आहे. दुसरा लेख आता त्यांच्या हातून होणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

समिती नमली. वाचकांनी पान उलटावे. लेख पुढेच आहे, शब्दासकट.

ताईंनी वाचलेल्या एकाही कादंबरीत ही 'बोडकी' बाई म्हातारी होत नाही. ताईंना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांनी धडधाकट शंभरी गाठावी आणि त्या सगळ्या दयाळू लेखकांना खोटे पाडावे.