ताटात न वाढलेलं

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. वडील इथे कानडी मुलखात, मल्लेश्वरममध्ये शिंपीकाम करायचे. माप चुकलं तर कापड वाया, हे ऐकतच मोठी झाले. नव्वदीच्या दशकात इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून लागले, तेव्हाही वाटलं, नीट मोजलं की झालं. खरं सांगते, कॉलेजात कुपोषणाचे धडेच्या धडे होते, लठ्ठपणाला तीन पानं. पण त्या तीन पानांवर माझा केवढा रुबाब!

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून एक अक्का यायच्या. किराणा दुकानवाल्यांच्या घरच्या, आमच्यासारख्या मराठीच. हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं. वजन उतरल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. तीन सोमवार झाले, काटा जागचा हलेना.

"काय जेवलात?"

"दोन चपात्या, स्वल्प भात, वर पातळ सारू."

"अक्का, काटा खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते? शिकलीस ना, मग तूच शोध."

पुढच्या सोमवारी त्या आल्याच नाहीत. काट्यावर स्वतः चढून पाहिलं, त्यांच्या कागदावरची बेरीज पुन्हा केली. बरोबरच. ऑपरेशन माझ्या जिभेमुळे राहिलं तर?

रविवारी दुपारी आमची जेवणं झाली. आईचंही झालं. मग ती ओट्यापाशी उभी राहिली, भाताच्या पातेल्यात दही ओतून तळ पुसून खाल्ला, वर भावाने टाकलेली अर्धी चपाती.

"आई, आत्ताच जेवलीस ना?"

"हे काय जेवण आहे? भांडी घासायला टाकायचीत."

त्या सोमवारीही अक्का आल्या नाहीत, तेव्हा मंगळवारी दोन बस बदलून मी के. आर. पुरमला गेले. अक्का दुकानामागे तांदूळ निवडत होत्या.

"चुकले मी, अक्का. सगळ्यांचं झाल्यावर उरतं, ते कोण खातं?"

"मीच की. नातवंडांच्या ताटातलंसुद्धा. टाकवत नाही गं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ते मी कुठे वाढून घेते?"

"थोडं कमी शिजवा."

"आणि कुणाला कमी पडलं तर? तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात काहीच नव्हतं.

सोमवारी त्या आल्या, सुनेला घेऊन. "हिला सांग, उरलेलं आता सगळ्यांनी वाटून घ्यायचं. माझं ऐकत नाही, डिग्रीवालीचं ऐकेल."

मी सांगितलं. मग अक्का काट्यावर चढल्या, आणि त्यांच्याआधी मीच वाकून बघितलं.

पाव किलो उतरलं होतं. तेवढ्यावर सर्जन तारीख देणार नव्हते, तरी मी कागद घेऊन त्यांच्याकडे धावले.