जिवंत बाईच्या नावाआधी ‘कै.’

स्वतःच्या मृत्यूची तक्रार घेऊन आलेली बाई मी अख्ख्या नोकरीत एकदाच पाहिली. ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

येरवड्याच्या बाजूला आमचं ठाणं. मी तिथे निरीक्षक होतो. हजेरी आटोपली होती, दोन आरोपींना कोर्टात न्यायला गाडी यायची होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत डोकं घालून बसले होते. साठी ओलांडलेली एक बाई आत आली, मागोमाग तिच्याच वयाची दुसरी. पहिलीच्या हातात कागद होता.

“साहेब, मी मेले आहे. तक्रार घ्या.”

ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. अस्सल पेठेतला माणूस, सकाळी साडेनऊलाही तिरकसच. “मावशी, मयताची फिर्याद घ्यायची सोय नाही आमच्याकडे.”

“मग पंचनामा तरी करा!”

मी केबिनमधून बाहेर आलो. कागद वाचला आणि हसू जागच्या जागी विरलं. निवडणूक तोंडावर होती. मतदार यादीच्या फेरतपासणीत मावशीचं नाव वगळावं अशी हरकत कुणीतरी ऑनलाइन दाखल केली होती. कारण: मृत्यू. सहा दिवसांनी सुनावणी. त्या दिवशी म्हणणं सिद्ध झालं नाही, तर नाव यादीतून जाणार. आणि हरकत घेणारी कोण? सोबत आलेली तिची शेजारीण!

“हिने मला मारलं असं कागद म्हणतो,” मावशी म्हणाल्या.

शेजारीण आक्का रडकुंडीला आल्या होत्या. “साहेब, मला मोबाईलवर आलेला फोन घेता येतो, तेवढाच. अर्ज कुठून करू? पस्तीस वर्षं आमच्या दारात दार आहे. आता वस्तीत बाया माझ्याकडे बघून कुजबुजतात.”

मावशी महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झालेल्या. “मत द्यायचं वय झालं तेव्हापासून एक मतदान चुकवलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “बाळंत होऊन आठ दिवस झाले होते तरी गेले. आमचा बाप म्हणायचा, आपल्याला बाकी सगळं मागून मिळालं, हे एक सगळ्यांच्या बरोबरीने मिळालं. ते घालवायचं नाही. आता तुम्ही सांगा, मी काय करायचं?”

मी काय सांगणार? दुपारपर्यंत कळलं की अशा नोटिसा त्या वस्तीत घरोघर आल्या आहेत. शंभरावर माणसं कागदावर मेली होती, आणि प्रत्येकाला त्याच्याच शेजाऱ्याने मारलं होतं. शेजारी राहणाऱ्या भावाने भावाला, पलीकडच्या खोलीतल्या सुनेने सासूला. दोन घरांत हाणामारीपर्यंत गेलं होतं. निवडणूक कार्यालयातून आम्ही अर्जांच्या प्रती मागवल्या. सगळ्या अर्जांना एकच मोबाईल नंबर, आणि तो बंद. सिमकार्ड बनावट कागदांवर घेतलेलं. अर्ज कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आले ते कळायला कंपन्यांना पत्रं पाठवली. उत्तराला पंधरा दिवस लागतील म्हणाले. आमच्याकडे होते सहा!

बनावट ओळख वापरल्याचा गुन्हा दाखल केला आणि अर्ज घेऊन बसलो. वाक्य सगळीकडे तेच: “माझे शेजारी कै. अमुक यांचे दुःखद निधन झाले असून त्यांचे नाव यादीतून वगळण्यात यावे, ही विनंती.” फक्त नावं बदललेली. मी ते वाक्य तीनदा वाचलं. काही खटकलं नाही.

आमच्या महिला हवालदारांनी मात्र एकदा वाचलं आणि पान माझ्यापुढे सरकवलं. त्या स्वतः बौद्ध कुटुंबातल्या, अशाच एका बौद्ध वस्तीत वाढलेल्या.

“साहेब, हे वस्तीतल्या माणसाने लिहिलेलं नाही.”

“कशावरून?”

“आमच्यात ‘कै.’ लिहीत नाहीत. कैलासवासी म्हणजे कैलासावर गेला. आमचा माणूस कैलासावर कशाला जाईल? आम्ही ‘कालकथित’ लिहितो.”

आक्का ठाण्यातच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेली पत्रिका काढली. त्यांच्या यजमानांच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे मृत्यूनंतरच्या स्मरणाच्या कार्यक्रमाची. नावाआधी छापलं होतं ‘कालकथित’. शंभर अर्ज चाळले. शंभर ठिकाणी ‘कै.’! ज्यांच्या तीन पिढ्यांनी तो शब्द घरात वापरला नाही, त्यांच्या तोंडी तो घातला होता.

मला लाज वाटली, हे स्पष्ट लिहितो. माझ्या घरच्या प्रत्येक फोटोखाली ‘कै.’ आहे. म्हणून मला तो शब्द दिसलाच नाही. हवालदारांना म्हटलं, “हा तपास तुम्ही सांभाळा, मी तुमच्या हाताखाली.” त्या म्हणाल्या, “साहेब, टोमणा मारताय का?” टोमणा नव्हता.

पण एवढ्याने आरोपी सापडत नाही. लिहिणारा बाहेरचा, एवढंच कळलं. अख्खं पुणे बाहेरच होतं! तेवढ्यात एका वर्तमानपत्राने अर्जाचा फोटो छापला, नावं झाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन वाजला.

“मी शनिवार पेठेतून बोलते आहे. मराठीची निवृत्त शिक्षिका. अहो, तुमचं ते पेपरातलं वाक्य मी दुरुस्त केलेलं आहे.”

जीप काढली आणि वीस मिनिटांत त्यांच्या दारात पोचलो. बाईंनी आधी आमची ओळखपत्रं चष्मा लावून वाचली, मग आत घेतलं. टेबलावर तेच वर्तमानपत्र होतं आणि त्यावर लाल पेनाने दोन ठिकाणी खुणा.

“माझा भाचा कोथरूडला राहतो. संगणकात आहे. सगळं शिक्षण इंग्रजीतून. मागच्या महिन्यात एक नमुना घेऊन आला. म्हणाला, आत्या, मराठी तपासून दे, सोसायटीची मतदार यादी साफ करतोय. त्याने लिहिलं होतं, ‘माझे मृत शेजारी वारले आहेत.’ मी म्हटलं, अरे, मृत शेजारी आणखी एकदा कसा वारेल? आणि गेलेल्या माणसाचा असा उल्लेख करतात का? आधी ‘कै.’ लाव, ‘दुःखद निधन’ लिही. नावाच्या जागी नुसती रेघ होती.”

“तुम्हाला संशय आला नाही?”

बाईंनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. “मी शुद्धलेखन तपासलं. गुन्हा तपासायचं काम तुमचं.” मग आवाज एकदम खाली आला. “तो माझ्या हातचं जेवून वाढलाय हो. फोन करायच्या आधी दोन तास या खुर्चीत बसले होते. पण माझ्या अक्षराने शंभर माणसं मेली म्हणतात. हे कसं झाकू?”

त्यांनी जबाब दिला. सही करण्याआधी आमच्या लेखनिकाच्या जबाबातल्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही सुधारल्या.

आता सुनावणीला दोन दिवस राहिले होते. भाच्याला नोटीस देऊन बोलावलं. मुलगा बरोबर अकराला आला. तिशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. भीती नव्हती, थोडा कंटाळा होता.

“सर, इट्स जस्ट डेटा क्लीनिंग. यादीत डुप्लिकेट आणि डेड नावं असतात. आम्ही फ्लॅग करतो. व्हेरिफाय करणं सिस्टिमचं काम.”

“आम्ही म्हणजे कोण?”

मग त्याने इंटरनेटवरच्या त्यांच्या गटाबद्दल सांगितलं. अगदी उत्साहाने! गटाचं नाव इथे देत नाही, फुकटची जाहिरात कशाला? त्यांचं तत्त्वज्ञान असं: शहर ही कंपनी आहे. कर भरणारे तिचे भागधारक. ज्याचा कर जास्त त्याची मतं जास्त. बाकीच्यांना सेवा मिळेल, मत मिळणार नाही. पुढे तर निवडणुकाच बंद. एक हुशार सीईओ नेमायचा, तो पाच वर्षांत रस्ते गुळगुळीत करील. ‘एक माणूस, एक मत’ हा त्यांच्या भाषेत सॉफ्टवेअरमधला बग होता. आणि वस्त्यांमधले मतदार? ‘डेड वेट’, मेलेलं ओझं. त्याच शब्दावरून कुणाला तरी ही कल्पना सुचली होती. डेडच दाखवू या.

पोलिसात येण्याआधी मी कॉलेजच्या चळवळीत पत्रकं लिहायचो, हातानं चिकटवायचो. ती खोड जात नाही. विचारलं, “सीईओ नालायक निघाला तर काढणार कोण?”

“बोर्ड.”

“बोर्ड कोण निवडणार?”

“शेअरहोल्डर्स.”

“आणि शेअरहोल्डर कोण, हे कोण ठरवणार?”

त्याने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. “म्हणजे, ऑब्व्हियसली, आम्ही.”

हेच ते! सगळ्या झगमगाटाखाली एवढंच होतं. आम्ही ठरवणार, तुम्ही राहायचं. साबणाच्या वडीपासून चहाच्या पुड्यापर्यंत मावशीही कर भरते, हे त्या हुशार डोक्यांच्या हिशेबात नव्हतं. खड्ड्यांचा राग मलाही येतो. माझीही जीप त्याच रस्त्यांवर खिळखिळी झाली. पण खड्डा बुजवायची मागणी करायची सोडून ही मुलं शेजारच्या माणसालाच बुजवायला निघाली होती.

तरी त्याने स्वतःवर काही घेतलं नाही. अर्ज कुणी भरले ठाऊक नाही, नमुना फक्त ग्रुपवर टाकला होता, एवढंच. आवाज चढवून उपयोग नव्हता. असल्या माणसाला आपल्या हुशारीचं चिलखत असतं, ओरडलं की ते आणखी घट्ट होतं. मी हवालदारांकडे बघितलं. त्या बाहेर गेल्या आणि बाकावर बसवून ठेवलेल्या मावशींना घेऊन आल्या. समोरच्या खुर्चीवर बसवलं.

“यांना ओळखता?”

“नाही सर.”

“तुमच्या यादीतल्या एकोणिसाव्या. मयत.”

मावशींनी त्याला नीट न्याहाळलं, पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, “बाळा, मी कशाने गेले रे? सांगितलंस तर तेवढी काळजी घेईन.”

मुलाने मान खाली घातली. पहिल्यांदा त्याच्या तोंडून धड मराठी निघालं. “मावशी, मी तुम्हाला बघितलं नव्हतं. एक्सेलमध्ये फक्त ओळ होती.”

“मी ओळ होते ना, मग आता ओळख झाली,” मावशी म्हणाल्या.

त्याने बॅग उघडली. पंचांसमक्ष लॅपटॉप सुरू केला. पुढची यादी तयार होती! आणखी चार वस्त्या, शेकडो नावं. निवडणूक कार्यालयाच्या खुल्या यादीतून पत्ते आणि आडनावं बघून निवडलेली. ती त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता जाणार होती, कारण हरकतींची मुदत तेव्हा संपत होती. पाठवणारा गटाचा म्होरक्या, बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये. घड्याळात पावणेतीन.

त्या दोन तासांत मी जेवढा धावलो तेवढा दरोड्यातही धावलो नव्हतो. एक पथक बाणेरला निघालं. हवालदार ताई जबाबाची प्रत घेऊन मोटारसायकलवर निवडणूक कार्यालयाकडे. मी पथकामागे जीपमध्ये, विद्यापीठाच्या चौकात अडकलेला, चालकाला ओरडतोय आणि तो म्हणतोय, “साहेब, उडवत नेऊ का?” फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. म्होरक्या चहा पीत होता. पडद्यावर अर्ज भरलेले, एक बटण दाबायचं बाकी. त्याने शांतपणे विचारलं, “वॉरंट?” मी म्हटलं, “कायद्याची आठवण झाली, बरं वाटलं. आता हात कीबोर्डवरून काढा.”

सुनावणीला अख्खी वस्ती हजर होती. इस्त्रीचे कपडे, हातात कागद. अधिकाऱ्यांनी आमचा अहवाल वाचला होता, तरी पद्धत म्हणून प्रत्येकाला पुरावा विचारला. मावशींनी पेन्शनसाठी दरवर्षी देतात तो हयातीचा दाखला पुढे केला. आक्कांच्या नावाने त्यांच्यावर घेतलेली हरकत फेटाळली, मग एकेक करून सगळ्यांवरच्या. आक्का आणि मावशी बाहेर पायरीवर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

पाचांवर दोषारोपपत्र दाखल केलं. शिक्षा काय झाली, विचारू नका. जामीन झाले, तारखा पडत राहिल्या, म्होरक्या परदेशात गेला. गट नव्या नावाने पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो. तेच लेख, तीच ‘बग’ची भाषा, लाइक्स मात्र वाढलेले. मी पंचेचाळिशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता मतदार नोंदणीचं काम करतो, पुन्हा पत्रकं लिहितो, ती या मुलांपायीच. लोकशाही संपवायला रणगाडे लागतात असं आम्ही समजत होतो. एक तक्ता, एक गोंडस वाक्य आणि ‘व्हेरिफाय करणं सिस्टिमचं काम’ एवढं म्हणणारी चार शिकलेली माणसं पुरतात. ते वाक्य किती आदराने लिहिलेलं होतं, हे मला जास्त टोचतं. मेलेल्याला ‘कै.’ लावण्यापर्यंत मराठी आत्याकडून तपासून घेतलं, एवढा त्यांचा रीतभात सांभाळण्याचा आग्रह, आणि जिवंत माणसाकडे मात्र एकदा बघायलाही वेळ नव्हता. आणि हो, ते वाक्य तीनदा वाचून मलाही काही दिसलं नव्हतं. तो दोष मी त्यांच्या खात्यावर टाकणार नाही.

त्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी मी बंदोबस्ताला त्याच वस्तीच्या केंद्रावर होतो. मावशी बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे. शाई लावलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“साहेब, तो पंचनामा राहिला होता ना? आता लिहा. मयत स्वतः हजर होती.”