आडवी रिक्षा आणि निळी लेबलं

आमच्या पॅकिंगमध्ये चेकर म्हणून बसणाऱ्या आंटींनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला ही माझ्या हुशारीची गोष्ट वाटायची.

मी देवगडकडची. शाळा पाचवीत सुटली, म्हणजे इंग्रजीचं पुस्तक हातात आलं त्याच वर्षी. मोठी एबीसीडी लिहिता यायची, पण अक्षरं जोडून शब्द होत नसे. एकोणिसाव्या वर्षी घाटकोपरला मामाकडे आले आणि त्याच्या ओळखीने अंधेरीच्या एका गाळ्यात काम लागलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. एक लांब टेबल, चार बायका. रिक्षा-स्कूटरचे सुटे भाग यायचे, ते खोक्यात भरायचे आणि वर लेबल चिकटवायचं. मामीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काम टिकलं तर राहा, नाहीतर गावची एसटी आहेच. मामी वाईट नव्हती, पण एका खोलीत आम्ही सातजण झोपत होतो. आणि गावी वडिलांनी दोन मुलांच्या बापाला माझ्यासाठी जवळजवळ शब्द दिला होता. त्यामुळे काम टिकवणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लेबलं इंग्रजीत. मला वाचता येत नाही हे मी कुणाला बोलले नव्हते, तशी वेळही आली नव्हती, कारण लेबलांना रंग होते. ब्रेक शू लाल, क्लच वायर पिवळी, गिअर वायर हिरवी, रेस वायर निळी. हात आपोआप चालायचे.

सात-आठ महिन्यांनी सेठने सगळी लेबलं एकाच निळ्या रंगात छापून आणली. सुपरवायझर खुशीत म्हणाला, आता माल कसा झकास दिसेल. मग मी एक युक्ती काढली. रेस वायरचं छापील नाव 'अॅक्सिलरेटर केबल' असं लांबलचक होतं, ते नजरेला कळायचं. बाकीची लेबलं कुठल्या कप्प्यात असतात ते पाठ केलं. एका सोमवारी सुपरवायझरने नवे गठ्ठे भरले आणि क्लचचा गठ्ठा गिअरच्या कप्प्यात गेला, गिअरचा क्लचच्या. मी दिवसभर चिकटवत राहिले.

पंधरा दिवसांत बोरीवलीच्या दुकानदाराने दोन पेट्या परत पाठवल्या. सुपरवायझरने सगळा माल टेबलावर ओतला आणि विचारलं, कुणाचं काम? चौघींच्या माना खाली. मी सांडलेल्या वायरी गोळा करायला लागले. पेटीत चेकरच्या सहीची चिठ्ठी असायची. आंटींनी ती उचलली.

"सही माझी आहे ना? मग चूक माझी."

सुपरवायझर त्यांना बरंच बोलला. इतकी वर्षं काम करून तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं, वगैरे. मग त्याने सेठचा हुकूम सांगितला. पुढच्या एक तारखेपासून प्रत्येकीने आपली पेटी स्वतः वाचून तपासायची आणि सही करायची. जिला जमणार नाही तिने घरी बसायचं. तीन आठवडे होते.

जेवणाच्या सुट्टीत आंटींनी मला गेटबाहेर बोलावलं.

"वाचता येत नाही ना गो तुला?"

मी म्हटलं, येतं.

"तू लेबल चिकटवताना कप्प्याकडे बघतेस. बाकीच्या लेबलाकडे बघतात."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या मला तिथेच शिकवू लागल्या.

आमच्या गेटसमोर रिक्षावाले रिक्षा दुरुस्त करायचे. त्यांची पद्धत अशी, की खाली जुना टायर टाकायचा आणि दोघांनी मिळून रिक्षा कुशीवर आडवी करायची. गादी-बिदी आधी काढून ठेवायची. मग खालचं सगळं उघडं, समोर. आंटींनी फुकट गेलेली लेबलं पिशवीत भरून आणली होती. एकेक लेबल माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, ज्याचं आहे त्याच्यावर ठेव. अक्षरं लावायला मला वेळ लागायचा. ब्रेक, टायर, अॅक्सल लवकर आले. क्लच आणि गिअरच्या वायरी मात्र डोक्यात एकमेकींत गुंतल्या होत्या.

तेव्हा आंटींनी मला हँडलच्या डाव्या मुठीचा दांडा दाबायला लावला. "दाब, आणि बघ कुठली हलते ती." खाली एक वायर सरकली. "ती क्लच. आता लेबल वाच." मग तीच मूठ फिरवायला लावली, तर दुसऱ्या वायरी हलल्या. ते गिअर. त्या दिवसापासून ते शब्द नुसते कागदावर राहिले नाहीत.

एक रिक्षावाला रोज टिंगल करायचा. "काय आंटी, माझ्या रिक्षात शाळा काढली काय? फी कोण देणार?"

"तुझी रिक्षा आडवी आहे तोवर शाळा. उभी केलीस की सुट्टी."

"मग आज उभी करतच नाय. पण हिला सांगा, लेबल चिकटवून जाऊ नको, पॅसेंजर घाबरेल."

एक तारखेला सुपरवायझरने लेबलं पत्त्यांसारखी पिसली आणि सुट्या भागांचा ढीग लावला. मला तो 'मालवण' म्हणायचा. त्याला सगळं कोकण मालवणच. "चल मालवण, लाव जोड्या." लाल-पिवळं काही नव्हतं, सगळं निळं. क्लचच्या लेबलापाशी मी थांबले, अक्षरं लावली, मनातल्या मनात दांडा दाबला आणि लेबल वायरीवर ठेवलं. बारापैकी अकरा बरोबर आले. सायलेन्सरच्या पट्टीचं चुकलं. त्याने परत वाचायला लावलं, तेव्हा जमलं. "कर सही," तो म्हणाला. मी मराठीत केली. त्याने पुढचीला हाक मारली.

काम टिकलं. ते स्थळ वडिलांनी पुढे सोडून दिलं.

या गोष्टीला आठ-दहा वर्षं झाली. आता आंटींनी नोकरी सोडली आहे. मरोळच्या गावठाणात राहतात, मोतीबिंदूने अक्षर दिसत नाही. मुलगा आखातात आहे, त्याची पत्रं इंग्रजीत येतात. शेजारी वाचून दाखवतात, पण घाईघाईत, मधलं गाळून, असं आंटींना वाटतं. मागच्या खेपेला भेटायला गेले तेव्हा त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. जोडून लिहिलेली बारीक अक्षरं, आणि त्यात गाडीचा एकही भाग नाही. तारखेपलीकडे मला काही लागेना. तसं सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, चहा घे.

घाटकोपरला बायकांचा संध्याकाळचा वर्ग चालतो, तिथे मी नाव घातलं आहे. जमेल की नाही याची धाकधूक आहेच. पण आंटी, एक ना एक दिवस तुमच्या मुलाचं पत्र मी तुमच्याजवळ बसून वाचीन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, काही न गाळता.