साहेबांची पावलं

मी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवतो. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. पायांना इतकं जपणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे मोठे साहेब तर खाली उतरायलासुद्धा लिफ्टची वाट बघत उभे राहतात. आधी पोट आत येतं, मागून साहेब.

माझी वहिनी त्यांच्याच ऑफिसात झाडलोट करते, फरशी पुसते. भाऊ गेला तेव्हा मी शाळेत होतो. तिनं मला पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण अजून हाक मारते ती ‘भावजी’ अशी, आणि दिराची थट्टा करायचा हक्कही सोडत नाही. आम्ही दोघंही ठेकेदाराची माणसं. ऑफिसचा उरलेला चहा आम्हाला मिळतो, ऑफिसचा विमा मिळत नाही.

वहिनीचा गुडघा कधीचा कुरकुरत होता. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, आणि तोवर जिना चढू नका. ऑपरेशनचा आकडा ऐकून ती हसली. म्हणाली, “एवढ्यात तर नवीन बाई येईल, पायांसकट.”

त्याच सुमाराला ऑफिसात एक टूम निघाली. विमा कंपनीनं सगळ्यांना मनगटावर बांधायचे पट्टे दिले. पट्टा म्हणे पावलं मोजतो. रोज ठरलेली पावलं भरली की त्या माणसाचा विम्याचा हप्ता कमी. आठवडाभर सगळी मंडळी गच्चीवर गोल गोल फिरली. मग नव्याचे नऊ दिवस सरले आणि साहेबांना अक्कल सुचली.

“मावशी, तुम्ही तशाही दिवसभर फिरताच की. हा जरा तुमच्या हातात राहू दे.”

वहिनी काही भोळी नाही. ती म्हणाली, “राहू दे की. पण मग माझंही नाव घाला त्या विम्यात. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय.”

“बघतो,” साहेब म्हणाले.

साहेबांचं बघून बाकीच्यांनीही आपापले पट्टे आणून दिले. तिचे हात पार कोपरापर्यंत पट्ट्यांनी भरले. सकाळी यायचे, तिच्यासमोर हात पुढे करायचे, ती पट्टा काढून घ्यायची. बादली उचलताना ते काळे पट्टे तिच्या कातडीत रुतायचे. घरी आली की हात चोळत म्हणायची, “आज दोन साहेब, एक मॅडम आणि अख्खं अकाउंट खातं फिरवून आणलं. कुणी दमलं नाही बघा.”

मला हसू यायचं नाही. मला शिसारी यायची. मी म्हणायचो, “वहिनी, निदान वर जाताना लिफ्टनं ये. मी आहे ना.”

“लिफ्टमध्ये पावलं पडत नाहीत, भावजी. साहेब नाव घालणार आहेत. कशाला मोडता घालता?”

आणि बादली घेऊन ती जिना चढायची. मी रिकामी लिफ्ट घेऊन वर जायचो, आणि जाळीतून मला तिचा कठड्याला धरलेला हात दिसायचा.

वर्षाच्या शेवटी सगळ्यात निरोगी ऑफिस म्हणून आमच्या साहेबांना विमा कंपनीची ढाल मिळाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. सत्कार झाला, साहेबांनी भाषण ठोकलं. “हल्ली ज्याला त्याला विमा हक्क म्हणून हवा! अरे, शरीर तुमचं, जबाबदारी तुमची. चालायला काय पैसे पडतात?” टाळ्या पडल्या. वहिनी मागे सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. साहेबांचा पट्टा तेव्हाही तिच्याच हातावर होता.

टाळ्या थांबल्यावर तिनं त्यांना सरबत दिलं आणि हळूच विचारलं, “साहेब, माझ्या नावाचं?”

साहेब मोठ्यानं हसले. “मावशी, तुम्हाला कशाला हवा विमा? एवढ्या चालता, धडधाकट आहात!”

झालं. तोंडाला पानं पुसली. तरी ती म्हणे, “चारचौघांत बोलायला नको होतं मी. एकटे असताना विचारते.”

ते विचारायचं राहूनच गेलं. एका सकाळी भरली बादली घेऊन ती जिन्यात कोसळली. गुडघ्याचा उरलासुरला जीव गेला. मी तिला उचलून लिफ्टमध्ये बसवलं. तिथेही ती ओला हात पदराला पुसत होती, पट्ट्यांत पाणी जाऊ नये म्हणून. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन केलं नाही तर काठीसुद्धा पुरणार नाही.

घरी खाटेवर पडल्यापडल्या तिनं पट्टे मोजून माझ्या खिशात घातले. “परत द्या. लोकांची वस्तू आहे. आणि साहेबांना माझी आठवण करा.”

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साहेब एकटेच होते. म्हणाले, “वाईट झालं रे मावशींचं. पण वजन जरा जास्तच होतं त्यांचं. माणसानं रोज थोडं तरी चालावं.” मग तळहात पुढे केला. “पट्टे आणलेस?”

मी लिफ्ट तिथेच थांबवली, परत खाली आणली, दार उघडलं. पट्टे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, “जिना त्या बाजूला आहे, साहेब.”

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. पोट हलेपर्यंत हसले, माझ्या खांद्यावर थाप मारली. “चल, वर घे.”

आणि मी वर घेतली. तिचं जेवण, तिची औषधं आता माझ्याच पगारावर आहेत. साहेबांची किळस येते तशी त्या दिवशी मला माझ्या हाताचीही आली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकायच्या आत वहिनीनं विचारलं, “दिले पट्टे? काही म्हणाले का, माझ्या नावाचं?”

मी चप्पल काढत म्हणालो, “बघतो म्हणाले.”