नेमेसिओचं भांडण कुणाशी?

संशोधनाच्या जहाजावर साक्षीदार म्हणून इस्ला आग्वादा गावच्या कोळ्यांनी नेमेसिओ कावीचला पाठवलं, कारण तेलकंपनीच्या नावानं त्याच्याइतका घसा कुणी फोडत नव्हतं. जाळी तेलानं काळी झाली की तो कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याच कंपनीच्या समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरी धरली म्हणून पोटच्या पोराला, तेलोला, त्यानं घराबाहेर काढलं होतं. "तुमचा गळका पाइप बुजला की मगच उंबरा ओलांड!" त्याला आता नऊ वर्षं झाली.

समुद्राचा तळ दाखवणारं कॅमेऱ्याचं यंत्र पाण्यात उतरलं. नेमेसिओ पडद्यासमोर ठाण मांडून बसला. आज चोर रंगेहाथ सापडणार होता. यंत्राच्या उजेडात चिखल दिसला, खेकडे दिसले, मग चिखलातूनच बुडबुडे निघाले आणि त्यांच्यामागून काळे थेंब.

"पाइप कुठाय?"

"इथं पाइपच नाही, डॉन नेमेसिओ," यंत्र चालवणारी ओफेलिया अदबीनं म्हणाली. "जमिनीतूनच पाझरतंय. हजारो वर्षं."

"नीट बघ पोरी, पुरला असेल."

तिनं बिचारीनं पुन्हा सगळा तळ फिरवला. लोखंडाचा तुकडाही दिसेना. "कंपनीचं कुठेच गळत नाही असं मी म्हणत नाही," ती म्हणाली, "पण तुमच्या जाळ्यांवरचं तेल इथलंच. दोन्हीकडचे नमुने जुळले."

नेमेसिओला काही सुधरेना. एवढा राग घेऊन आलेला माणूस, आता तो काढायचा कुणावर? समुद्राला शिव्या घालायच्या?

घरी मासे तळता तळता बायकोनं, कासिल्दानं, सगळं ऐकून घेतलं.

"काय रे म्हाताऱ्या, तुझा आजा होडीच्या फटी कशानं बुजवायचा?"

"किनाऱ्यावर येतं त्या डांबरानं. मीही त्यानंच बुजवतो."

"आजाच्या वेळी कंपनी होती?"

नेमेसिओच्या डोक्याचा पार भुगा झाला. जन्मभर ते डांबर गोळा केलं, पण हे कधी मनातही आलं नव्हतं.

"मग माझ्या पोरानं काय केलं होतं?" कासिल्दा म्हणाली आणि तिनं शेगडी बंद केली.

त्यानं तेलोला फोन लावला.

"पापा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. अरे, ती जाळी..."

"पुन्हा काळी झाली?" तेलोचा आवाज उतरला. "माफ करा, पापा. चूक आमचीच."

हेच ऐकायला नेमेसिओ इतकी वर्षं अडून बसला होता. आता ते ऐकवेना.

"नाही रे, तुमची नाही."

"मग कुणाची?"

"घरी ये," नेमेसिओ कसाबसा म्हणाला. "सांगतो."