शेप्याची फांदी

नेरला आमच्या घरामागं आंब्याचं एकच झाड आहे, पण त्याला दोन जातींची फळं लागायची. सगळं झाड केशरचं, आणि रस्त्याच्या अंगाला गेलेली एक फांदी तेवढी शेप्याची. शेप्या हा चोखून खायचा गावरान आंबा. लहानखुरा, बेढब, पिकला तरी अर्धा हिरवाच. रसाला मात्र बडीशेपेचा वास. बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

ती फांदी माझ्या यजमानांनी बांधलेली. केळापूरकडं सासऱ्यांच्या शेताच्या बांधावर शेप्याचं जुनं झाड होतं. भावाभावांत वाटण्या झाल्या, ते शेत विकलं गेलं. घेणारा झाड पाडणार आहे असं कानावर आलं, तशी यांनी शाळेला सुट्टी टाकली आणि सकाळच्या एसटीनं गेले. संध्याकाळी परत आले ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच काड्या घेऊन. घरामागचं झाड तेव्हा लहान होतं. त्याच्या पाच कोवळ्या फांद्यांना चिरा देऊन यांनी एकेक काडी पाचरीसारखी बसवली, जोडावर प्लास्टिकच्या पट्ट्या घट्ट आवळल्या. पाचांतली एक जगली.

"एकच?" मी म्हटलं.

"एक पुरते. एक डोळा फुटला म्हंजे झालं."

बांधावरचं झाड त्याच महिन्यात गेलं. तिथं आता पेट्रोल पंप आहे.

पुढं दर वर्षी आंबे उतरवून झाले की हे छाटणी करायचे. मी अंगणवाडीतून आले की खाली उभी राहून कापलेल्या फांद्या ओढून काढायची. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक काढायची, झाडाच्या पोटात ऊन शिरलं पाहिजे, जाड फांदी आधी खालून थोडी कापून घ्यायची, मग वरून, म्हणजे साल ओरबाडत नाही. कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावायची. हे सगळं ते मला वर्गातल्यासारखं सांगायचे. मी हूं हूं करायची. लक्ष देऊन कधी ऐकलं नाही. ते होते ना सांगायला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते आंघोळीला गेले आणि आतच कोसळले. अर्धांगवायू. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि जन्मभर शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला होता: हो.

पाणी पाहिजे का? हो. नको का? हो. दुखतं का? हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त पाहिजे तो शब्द जिभेवर येत नाही. नाही म्हणायचं असलं तरी हो निघतं. मग आम्ही दोघांनी खूण ठरवली. डावा हात उघडला तर हो, मूठ वळली तर नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघणं सोडून हाताकडं बघायला शिकले. भाजी कोणती करू, लेकीला फोन लावू का, खिडकी लोटू का, सगळं त्या एका हातावर चालायचं.

त्या गडबडीत झाडाची छाटणी राहिली ती राहिलीच. शेप्याची फांदी वाढत वाढत रस्त्यावरच्या विजेच्या तारेला भिडली. वारा सुटला की ठिणग्या पडायच्या. बाजूला पिठाची गिरणी आहे. ते लोक दोनदा येऊन सांगून गेले, तेही चांगल्या शब्दांत. शेवटी मी लाइनमनला गाठलं. तो म्हणाला, "काकू, अर्धा तास लाइन बंद ठेवतो. तेवढ्यात उरकवा."

दर उन्हाळ्यात आमचे आंबे उतरवून देणारे एक भाई आहेत, यांच्याच वयाचे. त्यांना बोलावलं. सकाळी यांना मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, उशी लावली, आणि सांगितलं, "फक्त तारेजवळचे शेंडे काढून राह्यलो. बाकी काही नाही." हात उघडला. चेहराही बरा होता. मलाही हलकं वाटलं.

लाइन बंद झाली. भाई वर चढले. चार शेंडे उतरवले आणि थांबले.

"भाभी, शेंड्यानं काम नाही होनार. हे फांदी आतून पोखरेल हाय. एखाद्या वाऱ्या-वावधनात पुरी तारेवर येते. जोडापासूनच काढून टाकू काय?"

मी झाडाखाली होते. व्हरांडा वीसेक पावलांवर. तिकडून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. मी तिथूनच ओरडले, "अहो, भाई म्हणतात फांदी जोडापासून काढा लागते. काढू का?"

"हो!"

मोठ्यानं आलं. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांची आकृती तेवढी दिसत होती.

"काकू, दहा मिनिटं राह्यली हो," खांबाजवळून लाइनमन म्हणाला. गिरणीच्या दारात बाया डबे घेऊन खोळंबल्या होत्या.

"हो! हो! हो!"

मला वाटलं, ते लवकर करा म्हणताहेत. वीस पावलं चालून जाऊन त्यांचा हात बघायचा होता. एवढंच करायचं होतं. मी भाईंना म्हटलं, "काढा."

भाई खाली उतरले, यंत्राची करवत जोडाला लावली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फांदी कुंपणाच्या आत पडली, धूळ उडाली. मी तिचे डहाळे ओढत व्हरांड्याकडं निघाले आणि अर्ध्या वाटेत मला त्यांचा हात दिसला. मूठ आवळलेली होती. ते ती खुर्चीच्या हातावर आपटत होते. बोटांची सालटी निघाली होती. तोंडानं अजून हो, हो चाललं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

भाई करवत ठेवून आले. त्यांना खूण माहीत नव्हती, पण चेहरा बघून कळलं. ते यांच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"मास्तर, माफ करजा. मले वाटलं, तुमी हो म्हनले."

तेवढ्यात लाइन आली. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, गिरणी सुरू झाली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन घास वरण-भात घेतला, तोही तोंड भिंतीकडं करून. मी पलंगाशी बसले. म्हटलं, "माझ्याकडून चूक झाली. मी जवळ येऊन पाहायले पाहिजे होतं. मले माफ केलं का?"

"हो," ते म्हणाले.

मी हाताकडं बघितलं. हात चादरीवर नुसता पडला होता. ना उघडा, ना मिटलेला.

खरं तर फांदी पडली त्याच दुपारी मी तिच्या काड्या काढून ओल्या फडक्यात गुंडाळल्या होत्या. यांनी केलं होतं तसंच. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, काडी आधी झाडावरच तयार करावी लागते, पानं कापून आठ-दहा दिवस ठेवावी लागते, तेव्हा तिचा डोळा फुगतो. "अशा कच्च्या काडीचं काही खरं नाही, मावशी." तरी त्यानं सहा रोपांवर बांधून दिल्या. कुंड्या मी खिडकीत त्यांच्या समोर मांडल्या. पाच काड्या आठवड्यात काळ्या पडल्या. सहावी तीन आठवडे हिरवी होती. मी रोज सकाळी आधी तिच्याकडं बघायची, मग त्यांच्याकडं. तेही तिच्याकडंच बघत असायचे. एके दिवशी हात लावला तर पट्टीतून ती अलगद निघून आली. मी ती पदरात लपवली. पण त्यांनी बघितलं होतं.

पावसाळा ओसरता ओसरता बुंध्याला, कापलेल्या जागेच्या खाली, लालसर कोंब फुटले. मी आनंदानं धावत जाऊन रोपवाटिकेवाल्याला घेऊन आले. त्यानं वाकून पाहिलं. "जोडाच्या खालून आले हे. शेप्याचे नाहीत. मोडून टाका, उगाच झाडाची ताकद खातात." तो गेला. माझा हात होईना. मी ते तसेच राहू दिले. ते वाढत गेले, हिरवे झाले.

मग एका सकाळी यांनी हातानं मागच्या दाराकडं खूण केली. फांदी पडल्यापासून पहिल्यांदा. मी चाकाची खुर्ची ढकलत झाडापाशी नेली. जोडाची जागा माझ्या कमरेएवढीच उंच आहे. त्यांनी आधी कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथं पेस्ट लावायची मी विसरले होते, लाकडाला चिरा पडल्या होत्या. मग त्यांनी एका कोंबाला बोटं लावली, मुळाशी नेली आणि बाजूला दाबून तो मोडला. पुन्हा दुसऱ्याला हात घातला, पण तो जाड झाला होता. त्यांच्या बोटांत तेवढी ताकद नव्हती. दोनदा ओढून पाहिला. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "मोडू?"

हात उघडला. मी खाली बसून पूर्ण उघडा आहे ना, ते पाहिलं. हाताला हात लावून पाहिलं. मग एकेक कोंब मोडत गेले. ते बोट दाखवायचे, मी मोडायची. अकरा-बारा असतील. शेवटचा निघाला तेव्हा बुंधा एका बाजूनं अगदी मोकळा दिसायला लागला, आणि त्या मोकळ्या जागेतून ऊन त्यांच्या मांडीवर पडलं. मी खुर्ची सावलीत सरकवली आणि मोरचूद घरात आहे का ते पाहायला आत गेले.