तळ्याला दिलेलं अभय

सुलतानबीचं पोट गावतळ्यातल्या झिंग्यांवर चालायचं. कागलच्या वाटेवरचं गाव, शाहू महाराजांचं राज्य आणि प्लेगानं घराघरात हात घातलेला काळ. तिचा नवरा दस्तगीर त्यातच गेला. मागं उरली वेताच्या कड्याला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी. ती पाण्यात बुडवून सुलतानबी झिंगे धरी आणि कागलच्या बाजारात विकी.

पावसाळ्यात पाणी तांबडं, गढूळ. तेव्हा झोळी खुंटीला. दसऱ्यानंतर ते निवळे, हळूहळू हिरवट होई. थंडीत ओंजळीत घेऊन उन्हाला धरलं, की रव्याएवढे जीव त्यात नाचताना दिसत. "पान्याला दाना आला," ती म्हणे. झिंगे त्या दाण्यावर पोसत आणि ती झिंग्यांवर.

त्याच प्लेगातून रत्नाबाईंचा मुलगा मात्र वाचला. गावातल्या मोठ्या जैन घरची ही बाई मनानं लोण्याहून मऊ. त्यांनी व्रत धरलं, या अक्षय तृतीयेपासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत तळ्यातला एकही जीव मारू द्यायचा नाही. पंचांनी मान डोलावली, दवंडी पिटली. तळ्याला अभय मिळालं. त्यात सुलतानबीच्या पोटावर पाय पडला, पण तिचं पोट काही तळ्यात पोहत नव्हतं, मग कुणाला दिसणार?

रत्नाबाई रोज पिठाचे गोळे सोडू लागल्या. त्यांचं बघून सारा गाव पुण्य जोडायला हपापला. कुणी भात टाकी, कुणी लाह्या, कुणी शिळी भाकरी. सुलतानबी लोकांची दळणं दळून दिवस काढी आणि येता-जाता तळ्यात डोकावे. शिमग्यापर्यंत पाणी कालवलेल्या मेंदीसारखं दाट झालं. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याला कुजका वास सुटला होता. हे बरं नाही, हेही तिला कळलं. पण हावेपुढं तिचीही मती फिरली. घाला की, मनसोक्त घाला, झिंगं माझ्यासाठीच पोसताय, असं मनात म्हणून ती गप्प बसली.

अक्षय तृतीया तोंडावर आली आणि आभाळ दाटलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊनही नाही. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी गाव तळ्याकडं धावलं. सडलेल्या पाण्यात दम कोंडून मासे तोंडं वर काढून आ वासत होते. झिंगे पाणी सोडून काठाच्या दगडांवर चढले होते. दुपारपर्यंत सगळा खेळ आटोपला.

"ह्या बयेनंच काय तरी कालवलं असनार," गर्दीतून कुणी तरी सुलतानबीकडं बोट दाखवून म्हणालं. रत्नाबाईंनी त्याला दटावलं. त्या रडत होत्या, आणि खरंच रडत होत्या. पण मेलेल्या जिवांना हात कोण लावणार? मग सगळ्यांना सुलतानबीची आठवण झाली. वर्षभर जी झोळी पाण्याला शिवू दिली नव्हती, त्याच झोळीनं तिनं दिवसभर घाण उपसली आणि खड्ड्यात पुरली. एकेक झिंगा बोटाएवढा होता. हातातोंडाशी आलेला घास असा मातीत घालताना तिला रडू आलं नाही, संताप आला. तो कुणावर काढावा हेच कळेना, कारण त्यातला अर्धा स्वतःवरच होता.

संध्याकाळी रत्नाबाई काठावर आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "सुलतानबी, माझं व्रत मोडलं गं. आता तुला कोन आडवनार न्हाय. उद्यापास्नं खुशाल धरत जा."

सुलतानबीनं हात धुतले.

"धरती की," ती म्हणाली. "काय धरू, तेवडं सांगा, आक्का."